यंत्रबाईंचा बफर

१४ जून १९८८ रोजी पाणीपुरवठा कार्यालयात एक लाख अडतीस हजार सातशे पन्नास रुपयांचं संगणक यंत्र आलं. चार हमालांनी ते जिन्यावरून वर चढवलं आणि जुन्या फायलींची खोली रिकामी करून तिथे ठेवलं. "कोण शिकणार?" असं साहेबांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. पैसे भरायच्या खिडकीमागे अकरा वर्षं बसलेल्या बाई तेवढ्या म्हणाल्या, "मी."

"बाई, आगीतून फुफाट्यात चाललात," हिशेबनीस म्हणाले.

"फुफाट्यात निदान रांग नसते," बाई म्हणाल्या.

खिडकी म्हणजे काय, हे ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. वीतभर भोकातून दिवसभर माणसं वाकून बोलणार आणि बहुतेक रागावूनच बोलणार. बिल जास्त आलं, सुट्टे नाहीत, नळाला पाणी नाही. सगळ्याला जबाबदार जाळीमागचा तो एक चेहरा. यंत्राच्या खोलीत मात्र पंखा होता, गार फरशी होती आणि बाहेरच्या झाडाची सावली टेबलावर हलत असायची. वर्षभरात बाई प्रोग्राम लिहायला शिकल्या. अख्खं कार्यालय त्यांना यंत्रबाई म्हणू लागलं, आणि त्यांनाही ते नाव आवडू लागलं.

अडचण एकच होती. बावीस हजार नळांची बिलं तयार करायला यंत्र सकाळी सुरू केलं, तरी कार्यालय बंद व्हायच्या वेळेला ते आपलं कटकटतच असे. रखवालदार किल्ल्या वाजवत दारात उभा राही. मग काम मध्येच तोडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुढे जोडायचं. बिलं उशिरा जात, म्हणून पैसेही उशिरा येत. शेवटी साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, बाहेरची एक कंपनी बिलं करून द्यायला तयार आहे. पुढच्या तिमाहीची बिलं एका दिवसात निघाली तर प्रश्नच नाही. नाही निघाली, तर काम त्यांना आणि तुम्ही तुमच्या जुन्या जागेवर."

त्या दिवशी रात्री जेवताना बाईंनी घरी सगळं सांगितलं. त्यांचे यजमान सार्वजनिक वाचनालयात नोकरीला होते. त्यांनी ताट सरकवत विचारलं, "यंत्र आळशी आहे का गं तुझं?"

"आळशी नाही हो. उलट दिवसभर धावतच असतं. डिस्कवरून एका घराची नोंद आणतं, हिशेब करतं, बिल लिहायला परत डिस्ककडे जातं. मग पुढच्या घराची आणायला पुन्हा. हिशेबाला वेळच लागत नाही, सगळा वेळ जातो हेलपाट्यांत."

"आम्ही एकेक पुस्तक आणायला गेलो, तर वाचक म्हातारे होतील. आम्ही ट्रॉली भरून आणतो."

"मग आणखी मोठी ट्रॉली का नाही घेत?"

"आधीच्या ग्रंथपालांनी घेतली होती. दोन कपाटांच्या मधून जाईना. आता तिच्यावर कुंड्या ठेवल्यात."

बाई हसल्या, पण ताटावरून उठल्या त्या विचार करतच. डिस्क आणि हिशेब यांच्या मधे, यंत्राच्या मेमरीत, नोंदी तात्पुरत्या ठेवायला जागा राखावी लागते. तिला बफर म्हणतात. बाईंनी ती एका नोंदीपुरती, म्हणजे एकशे अठ्ठावीस बाइटची ठेवली होती. का, तर यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकातल्या नमुन्यात तेवढीच होती. शिवायला दिलेल्या कापडाबरोबर जुनं झबलं मापाला द्यावं आणि मूल मोठं झालंय हे विसरावं, तसलाच प्रकार.

पुढचे काही दिवस बाई दुपारी एका छोट्या फाईलवर प्रयोग करत बसल्या. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचं, बफर वाढवायचा आणि कान डिस्ककडे लावायचा. चार नोंदींची जागा दिली, तेव्हाच फरक पडला. बफर चार हजार बाइटच्या वर नेला, तसा डिस्कचा आवाज बदलला. अखंड कटकट थांबली आणि मधे मधे शांतता ऐकू येऊ लागली. आठ हजारांना आणखी थोडा वेळ वाचला. सोळा हजारांना जवळजवळ काहीच नाही. बाईंना चेव चढला. त्यांनी तिन्ही फायलींना, म्हणजे मीटरच्या आकड्यांना, मागील बाकीला आणि नव्या बिलांना, भरभक्कम जागा देऊन टाकली. झालं, मेमरी अपुरी पडली. यंत्र स्वतःचंच सामान डिस्कवर ठेवू-काढू लागलं आणि पहिल्यापेक्षाही हळू चालायला लागलं.

"अति तिथे माती," हिशेबनीस दारातून म्हणाले. "यंत्रालासुद्धा कळतं, बाई."

"कळतं ना. म्हणून तर ते इथे आहे आणि तुम्ही तिकडे."

आठ हजारांवर बाई थांबल्या. मोजून सांगायचं तर आठ हजार एकशे ब्याण्णव, म्हणजे एका खेपेला चौसष्ट घरं.

तिमाहीची बिलं काढायच्या दिवशी चहाची वेळ झाली आणि खोली गप्प झाली. रखवालदार वर धावत आला. त्याला वाटलं वीज गेली. बिलं तयार होती. बाईंनी रिवाजाप्रमाणे ताळा घेतला. घरांची संख्या जुळली, रकमेची बेरीज जुळली. साहेबांनी आपला चहा बाईंच्या खोलीत मागवला. असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

मग एके दिवशी खिडकीवरच्या कारकुनाने एका आजोबांना वर पाठवलं. शेवटच्या गल्लीत, पाण्याच्या टाकीपलीकडे ते राहत.

"माझं बिल आलं नाही," आजोबा म्हणाले.

"आजोबा, बिल आलं नाही म्हणून तक्रार करणारे तुम्ही पहिलेच," हिशेबनीस म्हणाले. "तुमचा पुतळा उभारायला हवा."

"पुतळ्याला तहान लागत नाही. मला लागते. उद्या थकबाकी म्हणून नळ तोडाल."

बाईंनी बिलांची फाईल उघडली. आजोबांचं घर नव्हतं. शेजारचंही नव्हतं. शेवटची सत्तेचाळीस घरंच नव्हती. बाईंनी प्रोग्राम काढून ओळ न् ओळ वाचला. प्रोग्रामात त्यांनी लिहिलं होतं, बफर भरला की डिस्कवर लिही. शेवटच्या खेपेला बफर भरलाच नाही. सत्तेचाळीस घरं पोटात घेऊन यंत्र आणखी सतरा घरांची वाट बघत राहिलं. नोंदी संपल्या, प्रोग्राम संपला, आणि बफरमधलं सारं हवेत विरलं. पूर्वी एकाच नोंदीत बफर भरायचा, त्यामुळे मागे काही उरायचा प्रश्नच नव्हता. आणि ताळा? बिल बफरमध्ये टाकतानाच बाई ते मोजत होत्या. पाकीट टेबलावर पडलेलं असतानाच जावक नोंदवावी, तसं.

झाकून ठेवता आलं असतं. पण बाई सरळ साहेबांकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. साहेबांनी हातातला पेपरवेट खाली ठेवला.

"एका दिवसात काम निघालं असं मी वर कळवून बसलोय. महिनाअखेरीला थकबाकीची यादी जाते. तीत सबंध गल्ली दिसली, तर वरचे विचारणार. मग कंपनीला बोलावण्यावाचून माझा इलाज नाही."

"दिसणार नाही, साहेब."

प्रोग्रामात एक ओळ वाढली: शेवटी जे उरलं असेल तेही लिही. छापलेली सत्तेचाळीस बिलं आणि पावतीपुस्तक पिशवीत घालून बाई स्वतः त्या गल्लीत गेल्या. आजोबा काठी टेकत बरोबर फिरले.

"या यंत्रबाई," ते दारोदारी सांगत. "यांच्या यंत्राने आपल्याला पाणी माफ केलं होतं. बाई माफी परत न्यायला आल्यात."

लोक हसत आणि पैसे आणायला आत जात. आजोबांच्या ओट्यावर बसून बाईंनी पावत्या फाडल्या. काम खिडकीतलंच होतं, पण मधे जाळी नव्हती. एका सुनेने पैशांबरोबर लिंबाचं सरबतही आणून दिलं आणि बिल जास्त आल्याचं गाऱ्हाणं शेजारी बसून सांगितलं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

सगळे पैसे जमले. एक घर तेवढं कुलूपबंद होतं. माणसं मुलाच्या नोकरीच्या गावी गेली होती. कधी येतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं. महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत बाईंनी वाट पाहिली, मग त्यांचं बिल स्वतःच्या पाकिटातून भरलं.

"आता सगळ्या शहराचं पाणी तूच भर," यजमान म्हणाले.

थकबाकीच्या यादीत ती गल्ली आली नाही. बाहेरच्या कंपनीचं नाव पुन्हा निघालं नाही, आणि बाई निवृत्तीपर्यंत त्याच खोलीत बसल्या. यंत्रं बदलत गेली, दरवेळी आधीच्यापेक्षा लहान. आता बफर किती ठेवायचा ते यंत्र आपलं आपण ठरवतं. नव्या मुलांना तो आकडा ठाऊकही नसतो, आणि असायची गरजही नाही. डिस्कला आवाजही राहिला नाही. तो आवाज बाईंना अजून आठवतो, विशेषतः दुपारी, पंखा चालू असताना.

कुलूपबंद घरातली माणसं परत आली नाहीत. पुढे ते घर विकलं गेलं. त्यांच्याकडून बाईंचे बावीस रुपये चाळीस पैसे अजून येणे आहेत.