जेवल्यावर एक

सांगितलेलं तंतोतंत ऐकणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. बाकी आपण सगळे नुसती मान हलवतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बसवनगुडीतल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी सहा वर्षं भाड्यानं राहिलो. खाली अण्णा आणि त्यांच्या पत्नी अक्का. अण्णांचे पणजोबा कधीतरी साताऱ्याकडून कापडाच्या धंद्यासाठी बंगळूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकलं होतं, पण त्यात कन्नड असं मुरलेलं की कुठलं कुठून आलं ते त्यांनाही सांगता येत नसे. मी मिरजेहून सरकारी कारखान्यात आलेला नवखा इंजिनियर. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "हे बघ इंजिनेर, काय पाहिजे ते सरळ सांग. सांगितलं की सरी, झालं. नाही सांगितलं तर मला कळत नाही बा." मला वाटलं, काय नम्र माणूस आहे!

नम्र कसला, तो इशारा होता. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरनी थेंब दिले आणि सांगितलं, थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून ठेवा. अण्णांनी थेंब घातले आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली. अण्णा भिंत चाचपत गेले, डोळे मिटूनच दार उघडलं, आलेल्याचा हात धरून त्याला सोफ्यावर बसवलं, अक्कांना कॉफी टाकायला सांगितलं आणि त्याच्या मुलीच्या लग्नाचं कुठपर्यंत आलं याची प्रेमानं चौकशी केली. पाच मिनिटं झाल्यावर डोळे उघडतात तर समोर विजेचा मीटर वाचायला आलेला माणूस! बिचारा कॉफी पिऊन गेला, आणि खरं सांगायचं तर त्याला मुलगी होती आणि तिचं खरंच जमत नव्हतं. पुढे दोन स्थळं अण्णांनीच सुचवली. लग्नपत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेलं असलं की ते मला झोपेतून उठवून बरोबर न्यायचे. मी आढेवेढे घेतले तर म्हणायचे, "तसं छापलंय की. तू परिवार नाहीस काय?" घरापासून इतक्या लांब हे कुणी मला म्हणत नव्हतं, म्हणून मी मुकाट्यानं शर्ट बदलायचो.

अशा माणसाच्या रक्तात कोलेस्टेरॉल निघालं. हर्नियाच्या ऑपरेशनआधी तपासण्या झाल्या, रिपोर्ट आला आणि हृदयाच्या डॉक्टरनी भुवया वर केल्या. तेव्हा कोलेस्टेरॉल उतरवणारी ती गोळी आपल्याकडे नवीनच होती. आमच्या गल्लीतल्या दुकानदारानं तिचं नावही ऐकलं नव्हतं. माझी कारखान्याची बस के. आर. पुरमकडून येताना एका मोठ्या औषधाच्या दुकानावरून यायची, म्हणून गोळ्या आणायचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टरनी चिठ्ठीवर लिहिलं होतं: रात्री जेवल्यावर एक. अण्णांनी ती चिठ्ठी देवघराच्या दाराला चिकटवली. रात्री ताकभात संपला की हात धुऊन, पूर्वेकडे तोंड करून, तीर्थ घ्यावं तशी ते गोळी घ्यायचे. अक्कांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही शिकलेले आहात. त्यांच्यावर स्वल्प लक्ष ठेवा. आम्हाला पोरंबाळं नाहीत, आम्ही दोघंच एकमेकांना." मी म्हटलं, अक्का, काळजीच करू नका. किती सहज म्हटलं मी ते!

आता त्यांच्या घरचा एक नेम सांगायला हवा. सोमवार, गुरुवार आणि शनिवारी रात्री भात खायचा नाही. भात नाही म्हणजे जेवण नाही. त्या रात्री फक्त फलार. फलार म्हणजे फळं असणार असं समजून पहिल्या शनिवारी मी कळवळून चार केळी घेऊन खाली गेलो. अण्णांनी ती देवापुढे ठेवली आणि मला गांधी बझारातल्या हॉटेलात नेलं. तिथे लोण्याचा गोळा ठेवलेले दोन मसाल दोसे, वर तुपानं चमकणारा शिरा आणि कॉफी असा त्यांचा उपास पार पडला. बघतो तर निम्मी बसवनगुडी तिथेच उपास करायला जमलेली! तेव्हापासून दर शनिवारी आम्ही दोघं जायचो. मला एकट्याला उपास करू दिला असता तर ते अण्णा कसले.

गोळ्यांची एक पट्टी दहा दिवसांची. पण दुसरी आणायला सांगायला अण्णांनी सोळा-सतरा दिवस लावले, तेव्हा मला शंका आली. पुढच्या शनिवारी हॉटेलातून परतताना मी विचारलं, "अण्णा, आज गोळी?"

ते थांबले. मी काहीतरी खुळ्यासारखं बोललो असावं तसे माझ्याकडे बघत राहिले. "आज कशी घेणार? डॉक्टरनी काय लिहिलंय? जेवल्यावर. आज मी जेवलो काय?"

"दोन दोसे खाल्ले की!"

"अय्यो, दोसा म्हणजे जेवण काय रे? भात कुठं आहे त्यात?"

"मग झोपताना घ्या ना."

"तू डॉक्टर काय? डॉक्टरनी सांगू दे, घेतो."

म्हणजे ज्या रात्री लोण्याचे गोळे पोटात जात, नेमक्या त्याच रात्री गोळी नाही! मी रस्त्यात उभा राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. सोमवारी कँटीनमध्ये हा किस्सा सांगितला तर टेबल डोक्यावर घेतलं लोकांनी. दर आठवड्याला मला विचारायचे, काय म्हणतो तुमचा फलार? मीही रंगवून सांगायचो. अक्कांना मात्र सांगितलं नाही. हॉटेलातून आल्यावर ते गोळी घेत असतील असं त्या धरून चालल्या होत्या. त्यांना कळलं असतं तर शनिवारचं हॉटेल बंद झालं असतं, आणि माझ्या किस्स्याचीही मजा गेली असती.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा जेमतेम हलला होता. डॉक्टरांकडे अण्णांच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसलो होतो. डॉक्टरनी विचारलं, "गोळी नियमित घेता ना?" अण्णा ताठ बसून म्हणाले, "जेवल्यावर, डॉक्टर. एकदासुद्धा चुकलेलो नाही." त्यात खोटं काहीच नव्हतं. डॉक्टरनी माझ्याकडे बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं मला. डॉक्टर, 'जेवल्यावर' खोडा आणि 'झोपताना' लिहा, एवढंच. झोपायला हा माणूस एक दिवस चुकत नव्हता, आणि लिहिलेलं मोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. पण मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत हसू दाबत होतो. हे कँटीनमध्ये कसं सांगायचं त्याची मनात जुळणी चालली होती. डॉक्टरनी गोळी बदलून जास्त ताकदीची दिली, दर महिन्याला तीन पट्ट्या आणायला सांगितल्या, त्या अण्णांनी माझ्याकडून न चुकता आणवल्या, आणि खाली तेच लिहिलं: रात्री जेवल्यावर एक.

पुढल्या वर्षी गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी अण्णा सकाळी गांधी बझारात शेवंतीची फुलं घेताना मटकन खाली बसले. मला कारखान्यात फोन आला. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. मी नंतर डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलं, फार उशिरा. ते भले गृहस्थ म्हणाले, "रोज घेतली असती तरी नक्की काही सांगता आलं नसतं." हे वाक्य मी मनाला पुष्कळदा ऐकवून बघितलं आहे. मन ऐकत नाही.

तेराव्यानंतर अक्कांनी मला खाली बोलावलं. देवघरातल्या फडताळात त्यांना बिस्किटांचा एक डबा सापडला होता, आणि त्यात न उघडलेल्या कितीतरी पट्ट्या. "इतक्या कशा उरल्या हो?" त्यांनी विचारलं. "रोज घेत होते ना ते?" दाराला ती चिठ्ठी अजून चिकटलेली होती. मी म्हटलं, "घेत होते अक्का, रोज. मीच जास्तीच्या आणून ठेवल्या होत्या." त्यांनी डबा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "मग घेऊन जा. कुणाला तरी उपयोगी पडतील." आयुष्यात बोललेल्या या एका खोट्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्या खुर्चीवर गप्प बसलो त्याचं.

आता माझ्याही रक्तात तेच निघालं आहे. परवा डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून पुढे सरकवली: रात्री जेवल्यावर एक. मी ती परत त्यांच्याकडे सरकवली आणि म्हटलं, "तेवढं 'झोपताना' असं करून द्याल का?"

त्या हसल्या. "काका, एकच ते."

"हो," मी म्हटलं, "तरी लिहा."

त्यांनी खोडून लिहून दिलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.