अव्राम गुराख्याचं नाव वगळलं

शहरातून आलेल्या पाळकांनी गावच्या ख्रिस्ती मंडळीच्या नव्या वडिलासाठी, म्हणजे तिच्या प्रमुखासाठी, एकच नाव वाचून दाखवलं, ऑक्टावचं. एलिसाफ्ताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मंडळीचे जुने वडील वारून तीन महिने झाले होते. त्यांची जागा अव्राम बार्लिया घेणार असं ती धरूनच चालली होती. अव्राम गावची गुरं राखायचा. सकाळी घरोघरच्या गाई गोळा करून डोंगरावर न्यायचा, उन्हं कलली की परत आणायचा. बोलताना तो फार अडखळायचा, मोठ्याने प्रार्थना करायची वेळ आली की लोक खाली बघायचे. पण कुणी मरणाला टेकलं की घरचे आधी त्यालाच बोलवायचे. तो खाटेशी हात धरून बसायचा, तासन् तास.

जुन्या राजवटीत घरात प्रार्थनेला जमायची बंदी होती, तेव्हा पोलिसांनी अव्रामला नऊ दिवस डांबलं होतं. कोण कोण जमतं ते सांग, म्हणून. तो परतला तो दोन बोटं कायमची वाकडी होऊन, पण त्याच्या तोंडून नाव एकही गेलं नव्हतं. एलिसाफ्ताचा नवरा तेव्हा जिवंत होता, आणि सगळे जमायचे ते तिच्याच घरात. त्या वर्षांत ऑक्टाव मंडळीकडे फिरकलासुद्धा नाही. राजवट गेली, त्याने लाकूड कापायची गिरणी टाकली, प्रार्थनाघराला नवं छप्पर घालून दिलं आणि पहिल्या बाकावर बसू लागला.

एलिसाफ्ता उठून उभी राहिली. अव्रामचं नाव का नाही, असं तिने सरळ विचारलं.

पाळक समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, माणूस सोन्यासारखा आहे. पण वडिलाला चार लोकांत बोलता यायला हवं."

"बायबलातल्या मोशेला तरी कुठं बोलता येत होतं?"

"मावशी, मोशेनं समुद्र ओलांडला," ऑक्टाव मागे वळून म्हणाला. "अव्रामला गाई ओढ्यापार नेताना घाम फुटतो."

सगळे हसले. अव्रामही हसला, आणि त्यानेच ती जास्त भडकली. वडील कसा असावा, ते बायबलात पौलाने तीमथ्याला काय लिहिलंय ते वाचा, ती म्हणाली. छप्पर घालणारा हवा असं कुठं लिहिलंय? पाहुणचार करणारा, पैशाचा लोभ नसणारा, स्वतःचं घर नीट सांभाळणारा हवा. मग ती ऑक्टावकडे वळली.

"तुझी आई काल कुठं जेवली रे? आणि परवा? तीन वर्षं ती रोज अव्रामकडे जेवते. नव्या घरात तिची चिखलाची पावलं नकोत, म्हणून तू तिला मागच्या खोपटात ठेवलंस."

बायकांच्या बाकावर ऑक्टावची आई तोदोसिया बसली होती. तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर ओढून घेतलं.

अव्राम उठला. "ए-एलिसाफ्ता," तो म्हणाला, "त-तोदोसियाआजी इथं ब-बसल्यात."

एवढंच. ती मटकन खाली बसली. राग गेला नव्हता, पण आता त्यातला निम्मा स्वतःवरच होता. म्हातारीचं दुःख तिने भर सभेत उघडं पाडलं होतं, तेही वाद जिंकायला.

आणि वाद तरी कुठं जिंकला? हात वर झाले ते ऑक्टावसाठी. फक्त अकरा जणांनी हात मांडीवरच ठेवले.

त्याच दुपारी ती अव्रामच्या घरी गेली. तोदोसिया मक्याच्या पिठाचा घाटा दुधात कालवून खात होती. एलिसाफ्ताने तिची माफी मागितली.

"खोटं नाही बोललीस," म्हातारी म्हणाली. "पण आधी मला विचारायचं होतंस."

दोन हिवाळ्यांनी तोदोसिया वारली, अव्रामच्याच घरात, त्याच्याच बायकोच्या हातचं पाणी पिऊन. आजारी पडल्यापासून ती तिथंच राहत होती, पण ऑक्टाव तिला शेवटपर्यंत न्यायला आला नाही. अंत्यविधीला मात्र मंडळीचा वडील म्हणून तोच बोलला, आईच्या मायेवर, अर्धा तास. बायका रडल्या. पाळकांनी त्याचा हात दाबून, असं बोलायला देवाची देणगीच लागते, असं म्हटलं.

एलिसाफ्ता त्याआधीच बाहेर पडली होती. दफनभूमीत अव्राम गोठलेली जमीन एकटाच खणत होता. तिने रागारागाने दुसरं फावडं उचललं आणि माती उपसायला लागली.