तीनबोट्या आबाजीचं जाळं

तलावाच्या मुखियानं माझ्या आज्याला फसवलं, आणि आज्यानं मला. दोन्ही फसवणुका एकाच जाळ्यापायी झाल्या, आणि ते जाळं मी विणलं होतं. बाजारात मासोळीच्या एका टोपलीतसुद्धा मला आजवर कोणी फसवू शकलं नाही. या दोघांनी मात्र मला पाच वर्षं अंधारात ठेवलं. आज्याला मी केव्हाच माफ केलं. मुखियाशी बोलणं बाकी आहे.

आबाजी म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. पोंभुर्ण्याच्या बाजूला आमचं गाव आणि गावाला लागून जुना मालगुजारी तलाव. आम्ही ढिवर, तलाव हीच आमची शेती. गावात आबाजींना सगळे तीनबोट्या म्हणत. हाताची दहाही बोटं शाबूत होती. नाव पडलं ते मोजण्याच्या सवयीवरून. त्यांच्या घरात सगळं बोटांनी मोजलं जाई. तांदळावर पाणी एक बोट. धानाच्या बांधीत पाणी चार बोटं. आणि जाळं तीन बोटांचं. जाळ्याचं एकेक घर बोटांवर सूत घेऊनच विणतात, त्यामुळे विणणाऱ्याची बोटं हेच त्याचं माप. आबाजींची बोटं जाड, सालीसकट वाळलेल्या फांदीसारखी. त्यांच्या तीन बोटांच्या घरातून लहान मासोळी सहज निसटून जाई. बाकीचे ढिवर हळहळत. आबाजी म्हणत, "जाऊ दे तिले. अजून लगन नाई झालं तिचं."

पोंभुर्ण्याच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर बसायला लागले, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस विकायला नालायक आहे. बाई यायची, टोपलीत डोकावायची, विचारायची, "ताजी हाय का, आबाजी?"

"कालची हाय बाई. ताजी पायजे असन तं पल्याडच्या टोपलीत पाय."

बाई पल्याड जायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "आबाजी, तुमी मासोळी इकून राह्यले का कीर्तन करून राह्यले?"

"खोटं बोललो का मासोळीले वास येते, पोरी."

मग मी टोपली माझ्या पुढ्यात ओढून घेतली. भाव करणं मी त्या टोपलीवर शिकले, आणि शिकवणारं कोणी नव्हतं. दुपार होईपर्यंत कालची मासोळी मी आजच्या भावानं खपवत असे. आबाजी शेजारी बसून तंबाखू मळत आणि गिऱ्हाईक गेल्यावर हळूच म्हणत, "तुह्या जिभेवर मरळ नाचते." हे कौतुक होतं की टोमणा, ते मी आजवर ठरवू शकले नाही.

हे सांगायचं कारण, खोटं बोलणं त्या माणसाला जमतच नसे. अख्ख्या आयुष्यात ते एकच खोटं बोलले आणि त्यांनी ते शेवटपर्यंत सांभाळलं.

नातवंडांनी त्यांना काही आणलं नाही असं नव्हतं. मोठ्या काकांचा मुलगा घुग्घुसला कोळशाच्या खाणीत लागला. पहिल्याच दिवाळीला त्यानं बॅटरी आणली. आबाजींनी ती लावली, विझवली, पुन्हा लावली, सगळ्या आळीला दाखवली आणि चार दिवसांनी शाळेच्या गुरुजींना देऊन टाकली. चांद्याला दिलेल्या माझ्या बहिणीनं लोकरीचा मफलर पाठवला. तो आठवड्याच्या आत बकरीच्या पिल्लाच्या गळ्यात दिसला. काका रागावले. आबाजी शांतपणे म्हणाले, "वस्तू चांगली हाय. दुकानाची हाय. पण तिच्यात माहा नातू कुठी हाय, ते दाखव मले."

ते वाक्य मी ऐकलं आणि धरून ठेवलं. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं होतं, वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला. मी पंधरा वर्षांची होते. जाताना आबाजींना असं काही देऊन जायचं, की ज्यात मी असेन. मी जाळं विणायचं ठरवलं.

दोन बाजार घासाघीस करून सूत आणलं. घरी विणलं असतं तर आबाजींना दिसलं असतं, म्हणून काकूच्या अंगणात बसून हिवाळाभर विणलं. त्या अंगणाला लागूनच त्या माणसाचं घर होतं, जो पुढे तलावाचा मुखिया झाला. रोज सकाळी तो कुंपणाशी दातण करत उभा राही.

"काऊन पोरी, नवऱ्यासाठी इनून राह्यली का?"

"आबाजीसाठी. तुमच्याकडं सूत मागाले नाई आली मुखियाभाऊ, दात घासा."

तेव्हा तो मुखिया नव्हता, पण रुबाब तोच होता, म्हणून मी चिडवायला तसं म्हणत असे. तो हसायचा. त्यानं माझी बोटं सोललेली पाहिली, बोटांवर चढलेली घरं पाहिली. एक दिवस नव्हे, हिवाळाभर.

ऐनाच्या सालीच्या काढ्यात जाळं बुडवून रंगवलं, वाळवलं आणि लग्नाच्या आदल्या दिवशी आबाजींच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी आधी गाठी ओढून पाहिल्या. मग सवयीनं एका घरात बोटं घातली. दोन बोटं आत गेली. तिसरं अडलं.

त्यांनी शिकवल्याप्रमाणे मी तीन बोटांचंच विणलं होतं. पण ती बोटं माझी होती, पंधरा वर्षांच्या पोरीची. माझी तीन ती त्यांची दोन. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, आणि अडलेलं बोट दिसूनही माझं लक्ष त्यांच्या हाताकडे नव्हतंच. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

आबाजींनी बोटं बाहेर काढली आणि म्हणाले, "बराबर तीन बोटी हाय. असं जाळं या गावात कोणाजवळ नाई."

पुढे मी सासरी गेले, तिथल्या बाजारात टोपली मांडली, हळूहळू चार घाटांवरची मासोळी माझ्याकडे यायला लागली. माहेरी आले की पहिला प्रश्न माझा ठरलेला असे. "जाळं चालते का, आबाजी?" आणि उत्तरही ठरलेलं. "चालते म्हणजे? परवाच मरळ आणली, हातभर." मरळ आणलेली असे, पण जुन्या जाळ्यानं. माझं जाळं आढ्याला टांगलेलं असे आणि मी येणार असल्याचं कळलं की पाण्यात भिजवून अंगणात वाळत घातलेलं असे. मी ओलं जाळं पाहून खूश होत असे. मी! जी मासोळीचा कल्ला उचलून ती किती घटकांपूर्वी मेली ते सांगते.

मधल्या काळात मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आला आणि ढिवरांची सोसायटी झाली. कुंपणाशी दातण करणारा तो शेजारी तिचा मुखिया झाला. तलावात मासोळीचं बीज सोडलं. पहिल्याच बैठकीत आबाजी उठले आणि म्हणाले, बारीक जाळं बंद करा. तीन बोटांचं घर, त्याहून लहान नको. ज्याच्याजवळ लहान घराचं सापडेल, त्याची तलावात जाळं टाकायची पाळी बंद. सगळ्यांना पटलं. गावातली बारीक जाळी लोकांनी आपल्या हातानं कापली. आबाजींनी माझं कापलं नाही.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, पोळा झाल्यावर, मी माझी तान्ही मुलगी घेऊन आले. सकाळीच मी हट्ट धरला. "आज माह्या जाळ्यानं मासोळी आणा. पणतीच्या नावानं."

"आज वारा हाय, पोरी."

"वाऱ्याले कवापासून भ्याले लागले? का म्हातारे झाले?"

ते उठले. आढ्यावरून जाळं काढलं, खांद्यावर टाकलं आणि गेले. तासाभरानं रिकामे परत आले. ना मासोळी, ना जाळं.

"खोडाले अडकलं. गेलं."

मी काय काय बोलले ते लिहायला आज हात उचलत नाही. हिवाळाभर बोटं सोलली, असं मी म्हणाले. दुकानची बॅटरी तरी गुरुजीच्या घरी उजेड पाडते, माझी वस्तू गाळात घातली म्हणाले. आबाजी ओट्यावर बसून ऐकत होते. शेवटी त्यांनी माझा हात हातात घेतला, बोटांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "चूक माही हाय. तू जेव."

त्यानंतर तीन वर्षं ते पाण्यात उतरले नाहीत. मला सांगत, गुडघे दुखून राह्यले. दिवसभर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून दुसऱ्यांसाठी जाळी विणत, तीन बोटांची. ती जाळी तलावात पडत आणि हे पाळीवर बसून बघत. मी गडचिरोलीहून तेल आणून त्यांच्या गुडघ्यांना चोळत असे. ते मुकाट्यानं चोळून घेत. गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

माघात ते गेले. तेरवीच्या दिवशी भांडी घासता घासता काकूच्या तोंडून निघालं.

मी हट्ट धरला त्या दिवशी तलावाच्या पाळीवर मुखिया उभा होता. त्यानं जाळं हातात घेतलं, घरात बोटं घातली आणि चार लोकांसमोर विचारलं, "तीनबोट्या, हे कोणी इनलं?"

"म्या."

"तुह्या बोटांचं हे घर?"

"म्हातारपणी बोटं आटली."

लोक हसले. मुखियानं जाळं तिथंच कोयत्यानं कापलं आणि आबाजींची पाळी बंद केली. त्यांनीच सुचवलेला नियम त्यांनाच लावला. पुढच्या आठवड्यात ती पाळी मुखियाच्या पुतण्याला मिळाली.

"तुहं नाव घेतलं असतं तं सुटले असते," काकू म्हणाली. "लेकरानं इनलं म्हटल्यावर कोण का म्हणते?"

"मग काऊन नाई घेतलं?"

"मी बी हेच इचारलं. म्हणे, तिच्या मनातलं जाळं तीन बोटीच राहू द्या."

मी हात न धुता तशीच मुखियाच्या दारात गेले. तो म्हणाला, "त्यानं सोताच्या तोंडानं कबूल केलं, बाई. मी का करू?" आणि आत गेला.

आज माझ्याकडे लहान मासोळी घेऊन कोणी आला तर टोपलीसकट परत पाठवते, मग तो कितीही पाया पडो. माझी नातवंडं मला साड्या आणतात, रेडिओ आणतात. मी सगळं घेते आणि नेसते, वाजवते, कारण आबाजींइतकी मोठी मी झालेली नाही. पण धाकट्या नातीनं एकदा स्वतः शिवलेली पिशवी दिली. शिवण वाकडी होती. मी तिला म्हणाले, अशी सरळ शिवण मी जन्मात पाहिली नाही. आबाजींचं खोटं मला एवढं तरी जमलं.

मुखिया अजून आहे. अंगणात खाटेवर बसून असतो, कान शाबूत आहेत, हे कोणीतरी वाचून दाखवेलच. म्हणून त्यालाच विचारते. मुखियाभाऊ, बाजारात कालच्या मासोळीबद्दलही खोटं न बोलणारा माणूस तुमच्यासमोर उघड खोटं बोलला आणि तुम्हाला शंका आली नाही? ते जाळं कोणी विणलं, हे त्या पाळीवर दोघांनाच माहीत होतं, त्यांना आणि तुम्हाला. तुम्ही कुंपणाशी उभे राहून हिवाळाभर मला विणताना पाहिलं होतं. आबाजी गप्प राहिले ते माझ्यासाठी. तुम्ही कोणासाठी गप्प राहिलात? खाटेवरून उठा, तलावाच्या पाळीवर या आणि गावासमोर सांगा. मी येऊन उभी राहते.