संत्रा, तूर आणि आमचे बाबा

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाईने शेतकऱ्याच्या घरी जन्म घेऊ नये, आणि घेतलाच तर डाळ मिलवाल्याच्या घरी लग्न करू नये. मी दोन्ही केलं. माझ्या बाबांचा अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजारकडे, संत्र्याचा बगीचा होता. सासरे अकोल्याला जठारपेठेत राहतात आणि गावाबाहेर त्यांची डाळ मिल आहे. दोघांच्या मध्ये मी, कॉलेजात देशांची चालू खाती शिकवते. म्हणजे एखादा देश बाहेर किती विकतो, बाहेरून किती घेतो, परदेशात गेलेली त्याची माणसं घरी किती पाठवतात, आणि शेवटी शिल्लक उरते की तूट येते, ते.

दरवर्षी परीक्षेत मी एक प्रश्न घालते. आपल्या शेजारच्या देशांपैकी कोणाला तूट, कोणाला शिल्लक, असं का? दरवर्षी निम्म्या उत्तरपत्रिकांत एकच कारण असतं, भ्रष्टाचार. उरलेल्या निम्म्यांत चीन. नेपाळची तरणी माणसं परदेशात राबून पैसे पाठवतात, भूतान आपल्याला वीज विकतो, श्रीलंकेत पर्यटक आले नाहीत तर तेल घ्यायची पंचाईत होते, हे सगळं मी घसा कोरडा करून सांगितलेलं असतं. ते फळ्याबरोबर पुसलं जातं.

पोरांचं मी एक वेळ चालवून घेते. बाबांचं काय करायचं?

आमच्याकडचा संत्रा बांगलादेशात जायचा. मग तिकडे त्याच्यावरचा आयात कर वाढला, पुन्हा वाढला, आणि वाढतच गेला. पूर्वी फळ झाडावर असतानाच व्यापारी येऊन बगीचा ठरवायचे आणि इसार देऊन जायचे. हळूहळू त्यांचं येणं कमी झालं. काही जण तर इसारावर पाणी सोडून गायब व्हायला लागले, आणि बाबांचा मला रोज संध्याकाळी फोन येऊ लागला.

"काहून घेत नाई ते? गोड लागत नाई का त्यायले?"

"बाबा, त्यायच्यापाशी डॉलर कमी आहेत. तेल, गॅस, खत सगळं बाहेरून घ्या लागते."

"मंग कापूस काहून घेतात? धामणगावच्या गाठी तिकडंच जातात म्हनते लोक."

"कापसाचे कपडे शिवून विकता येतात. डॉलर वापस येतात. संत्रा खाल्ला का संपला."

बाबा बरं म्हणून फोन ठेवायचे. मला वाटायचं, समजलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कॉलेजात तास संपल्याची घंटा तरी होते.

त्यात टीव्हीवर कोणी टायवाला सांगून गेला की तूट म्हणजे देश बुडाल्यात जमा. बाबांनी ते उचललं. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, आपल्या घराला तूट नव्हती का? कलमं लावल्यापासून पहिला माल हाती येईपर्यंत पाच-सहा वर्षं गेली. विहीर खोदली, ठिबक टाकलं, आणि उत्पन्न काहीच नाही. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तिच्या पगारात आणि मामाने दिलेल्या पैशांत घर चाललं. तेव्हा आपण बुडालो म्हणून कोणी ओरडलं का? ज्या घराला काही उभारायचं असतं ते बाहेरून आणतं, आणि ज्या घरातली माणसं म्हातारी झाली ते साठवत बसतं. देशांचंही बरंचसं असंच असतं. तूट आहे की नाही यापेक्षा ती कशापायी आहे ते बघायचं.

आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. बाबा त्या झाडांना तिचीच झाडं म्हणायचे.

"ते समजलं," बाबा म्हणाले. "मले एवढंच सांग, झाडं ठेवू का काढू?"

या प्रश्नापुढे माझं सगळं शिक्षण फुकट होतं. कर दोन वर्षांत उतरेल किंवा दहा वर्षं उतरणार नाही. मी तसंच सांगितलं.

"मंग तुले पगार कायचा भेटते?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बरं, हेच बाबा एका दमात दोन मागण्या करायचे. बांगलादेशाने आपला संत्रा बिनकराचा घ्यावा, आणि आपल्या सरकारने बाहेरची तूर बंद करावी. सासऱ्यांची मागणी उलटी. बाहेरची तूर बिनकराची आलीच पाहिजे, नाहीतर मिल कशी चालायची? आणि बांगलादेशाला धडा शिकवावा, यावर दिवाळीच्या फराळाला दोघा व्याह्यांचं एकदम एकमत. मी चिवड्याची वाटी खाली ठेवून विचारलं, सगळ्यांनीच विकायचं म्हटलं तर घेणार कोण? एकाची शिल्लक ती दुसऱ्याची तूटच असते ना? हे वाक्य मी त्या दोघांना इतक्यांदा ऐकवलंय की माझा नवरा आता माझ्या आधीच ते पुटपुटतो. दोघांनी मान डोलावली आणि चकली घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात बाबांनी कोणालाही न विचारता जेसीबी बोलावला. झाडं पडून गेल्यावर मला कळवलं. मी खूप बोलले, मग रडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुहे सासरे म्हनतात ना, तूर पुरत नाई देशात. तूर पेरतो."

यात चूक काय काढणार? हिशेब माझ्याच पुस्तकातला होता. देशाला जे कमी पडतं ते पिकवावं. तूर पिकलीही झकास. आणि नेमकी काढणीच्या तोंडावर बाहेरची तूर बिनकराने येत राहील असं सरकारने जाहीर केलं. भाव बसला.

बाबा कापडी पिशवीत नमुना घेऊन एसटीने अकोल्याला आले. सासऱ्यांनी दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला.

"इवाई, माल एक नंबर आहे," ते म्हणाले. "पन बर्माची तूर मले याच्याहून सस्ती पडून राहिली. तुमच्यासाठी थोडा भाव वर धरतो."

"नाई," बाबा म्हणाले. "सोयरिकीत सौदा नको. बाजारात देतो."

पिशवीचं तोंड बांधून त्यांनी ती दाराशी ठेवली आणि हात धुवायला गेले. सासूबाईंनी पानं घेतली. बाबांनी भातावर वरण घेतलं, कालवलं, दोन घास खाल्ले.

"वरन बेस झालं. कुठची तूर?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांनीही पाहिलं.

"बर्माची, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी ताट जरा पुढे सरकवलं.

"मंग टाक अजून. सगळ्यायनंच इकाचं म्हटलं त घेनार कोन?"

मी वाढलं. मला भयंकर राग आला होता, आणि तो ज्याच्यावर काढावा असं त्या घरात एकही माणूस नव्हतं.