खांदेरीचा दिवा
मुलांनो, तुम्ही पाठवलेलं दीपगृहाचं चित्र पाहिलं आणि खालापूरची एक दिवाळी आठवली. माझ्या धाकट्या आत्याचे यजमान खांदेरी बेटावरच्या दीपगृहात नोकरीला होते, आत्याही तिथेच राहायची. त्या वर्षी आत्याला दिवस गेले होते. पण तिला माहेरी आणायचं ठरेपर्यंत पावसाळा लागला, मचवे बंद झाले आणि बेटाची खबर येईनाशी झाली. मग जरा उघाड मिळाली की माझी आजी संध्याकाळी मला घेऊन घरामागचा डोंगर चढे. ओल्या गवताचा वास, पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि पश्चिमेला डोंगरांच्या फटीतून लुकलुकणारा एक बारीक दिवा. आजी त्याला हात जोडी. "लागला गं! म्हणजे जावई धड आहेत, आणि माझी पोरही." आजोबा घरी चिडवत, "अगं, तो दिवा तारवांसाठी लावतात, सासवांसाठी नव्हे." दिवाळीला आत्या बाळ घेऊन सुखरूप आली. आजीने जावयांना हौसेने डोंगरावर नेलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि संकोचून म्हणाले, "सासूबाई, हा मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेला दिवा. आमची खांदेरी त्या पेणच्या डोंगरांआड. इथून दिसायची नाही." आजी दिव्याकडेच पाहत होती. "असू दे," ती म्हणाली, "तिथेही कुणाची तरी लेक असेल." आणि तिने रोजच्यासारखे हात जोडले. तेव्हा मला हसू आलं होतं. तुम्ही सगळे समुद्रापार गेल्यापासून येत नाही.