हा आकडा कोणी लिहिला?

चीफ कुठलाही आकडा पहिल्या झटक्यात मान्य करत नसत. बस तीन मिनिटांत येणार असं स्टॉपवरच्या पाटीवर दिसलं, तरी ते विचारत, "हा आकडा कोणी लिहिला?" सरबताच्या बाटलीवर साखर किती ते छापलेलं असे, तिथंही तेच. पहिल्या आठवड्यात मी त्यांना माझा अनुभव आठ वर्षांचा आहे असं सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईघाईनं "साडेसात" म्हणाले.

ते मूळचे गुहागरचे. तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून, चीफ इंजिनियर होऊन, ते इथं परदेशात, बंदरालगतच्या हार्बरफ्रंट भागातल्या आमच्या ऑफिसात किनाऱ्यावरच्या नोकरीला आले होते. मी पुण्याची, कॉम्प्युटरवाली. जहाज पाहिलं होतं ते खिडकीतून. आम्ही दोघं मिळून कंपनीचा पर्यावरण विभाग. प्रत्येक जहाजाचा चीफ इंजिनियर रोज दुपारी, चोवीस तासांत किती तेल जळलं ते लिहून पाठवी. त्यावरून कंपनीनं वर्षभरात किती धूर सोडला हे मी काढायचं आणि अहवालाखाली सही करायची. सकाळी पुंगोलच्या घरून निघताना मला वाटायचं, काम तसं सोपं आहे.

दिवे बंद करा, असे स्टिकर मी सगळ्या बटणांशेजारी चिकटवले होते. एसी मात्र इतका गार की सगळे स्वेटर घालून बसत. चीफ उपडा हात एसीच्या झोताखाली धरून म्हणत, "अगं, या खोलीतले दिवे तू जन्मभर बंद ठेवलेस ना, तरी आपलं एक जहाज बंदरातून बाहेर पडेपर्यंत ती सगळी बचत खाऊन टाकेल." मग दिवे लावून ठेवू का, असं विचारलं तर म्हणत, "छे. बंदच कर." जेवायला जाताना स्वतः मागे राहून एकेक बटण बंद करत. त्यांचं म्हणणं नेमकं काय होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि खरं सांगायचं तर अजूनही कळलेलं नाही.

एकदा मी त्यांना एका जहाजाचा आलेख कौतुकानं दाखवला. रोज जवळपास तितकंच तेल, रेघ कशी पट्टीनं ओढल्यासारखी. चीफ हसले. "समुद्र रोज सारखा नसतो. मग तेल सारखं कसं?" मग त्यांनी मला खिसा समजावला. प्रत्येक चीफ थोडं तेल कागदावर न दाखवता बाजूला ठेवतो. समुद्र शांत असला की जळलं त्यापेक्षा जरा जास्त लिहायचं, खवळला की जरा कमी. अडीअडचणीला ते लपवलेलं तेल उपयोगी पडतं आणि ऑफिसचे फोनही येत नाहीत. मी विचारलं, तुम्हीही असंच करायचात? "चीफ झाल्यापासून रोज," ते म्हणाले. मग खरा धूर किती? "वर्षअखेरीला सारखं होतं," ते म्हणाले आणि मग पुढे जोडलं, "बहुतेक." त्या बहुतेकवर मी पुढचे कितीतरी दिवस अडकून पडले होते.

पुढच्या वर्षी कंपनीनं सगळ्या जहाजांवर तेल मोजायला मीटर बसवायचं ठरवलं. त्याच वर्षी आम्ही इंधनबचतीची मोहीमही काढली: पोस्टर, शपथा, कागदी कपांना बंदी. आणि वर्षअखेरीला धुराचा आकडा खरोखरच उतरला. चांगला घसघशीत उतरला. मी आलेख घेऊन जवळजवळ पळतच चीफकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला.

"हा आकडा कोणी लिहिला?"

"जहाजांनी."

"नाही. मी लिहिला."

मीटर बसायच्या आत खिसे रिकामे करा, म्हणजे पुढे तरी सगळं खरं लिहिता येईल, असं त्यांनी एकेका जहाजाला फोन करून सांगितलं होतं. त्यामुळे सगळ्यांनी लपवलेलं तेल न लिहिता जाळून टाकलं होतं. कागदावरचं तेल कमी झालं होतं. धूर होता तेवढाच होता.

गप्प बसू या, असं म्हटलं ते मी. हे मला लपवायचं नाही. त्या घटलेल्या आकड्यावर चीफचं काँट्रॅक्ट पुढे चालू होणार होतं. पासिर रिसच्या त्यांच्या फ्लॅटवर मी जेवायला गेले होते, तेव्हा काकू सोलकढी वाढताना म्हणाल्या होत्या, "लग्नाला एकतीस वर्षं झाली. पण नवरा रोज संध्याकाळी घरी येतो, ही चैन मला चारच वर्षं मिळालीय." काँट्रॅक्ट संपलं तर चीफना पुन्हा जहाजावर जावं लागणार होतं. मी हे सगळं त्यांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "अहवालाखाली सही तुझी आहे ना?"

वार्षिक सभेत आमच्या मॅनेजरबाईंनी त्यांना कौतुकानं बोलायला उभं केलं. चीफनी चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं आणि दोष स्वतःकडे घेतला. माझं नावही काढलं नाही. खाली बसल्यावर मॅनेजरबाई हळूच इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाल्या, "व्हाय लाइक दॅट, चीफ? नोबडी आस्क यू, लाह." वर्षानुवर्षं खोटे आकडे लिहिले तेव्हा या माणसाची नोकरी शाबूत राहिली आणि एक खरा सांगितला तेव्हा गेली. यातून मी काय शिकायचं होतं?

महिन्याभरात काकू गुहागरला परतल्या आणि चीफ आमच्याच कंपनीच्या एका जहाजावर चढले. निघताना त्यांनी टेबलावरचा दिवा बंद केला आणि म्हणाले, "आता माझे आकडे तुझ्याकडे येतील. तपासून घे." मला रडू आलं. ते त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्यांचे आकडे रोज येतात. रेघ वेडीवाकडी, अगदी समुद्रासारखी. दुपारी काकूंचाही फोन येतो. "फोनवर ते नेहमी मजेतच असतात. तू आकडा सांग." जास्त तेल म्हणजे जहाज लाटांशी झगडतंय, हे चीफनीच त्यांना कधीकाळी शिकवलेलं. काकू अशा रोज आकडा विचारतात, हे मी एकदा चीफना मेलमध्ये गमतीनं कळवलं होतं. त्यावर त्यांचं उत्तर आलं नाही.

गेले चार दिवस त्यांचा आकडा तोच आहे. लहानसा, पट्टीनं ओढल्यासारखा. जहाज आफ्रिकेच्या खालच्या टोकाला आहे आणि माझ्या पडद्यावरचा हवामानाचा नकाशा तिथं चार दिवस वादळानं नुसता लाल आहे. मीटरचा खरा आकडा महिनाअखेरीला आपोआप माझ्याकडे येतो, अहवालात तोच जातो, हे चीफना पक्कं ठाऊक आहे. म्हणजे हा दुपारचा आकडा माझ्यासाठी लिहिलेलाच नाही.

आज काकूंचा फोन आला. मी आकडा सांगितला.

"म्हणजे समुद्र शांत आहे," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. आता तो आकडा चीफनी आणि मी, आम्ही दोघांनी लिहिलेला आहे.