तिसऱ्या ग्लासातलं पाणी

प्रयोगशाळेतलं पाणी प्यायचं नसतं. हे वाक्य मी आमच्या कॉलेजात इतक्यांदा म्हटलंय की मुलं माझी नक्कल याच वाक्यानं करतात. करोत बापडी. माझा राग नाकावर असतो हे यवतमाळात सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या उन्हाळ्यात तर तो तिथून खाली उतरलाच नाही.

माझी एक संशोधक विद्यार्थिनी मारेगावकडच्या गावांतलं पाणी तपासत होती. त्या भागात पाण्यात कुठे कुठे फ्लोराइड निघतं. जास्त असलं की लहान पोरांचे नवे दात पिवळे, तपकिरी येतात आणि मोठ्यांचे गुडघे आखडतात. ती तिथलीच. तिच्या गावच्या विहिरीबद्दल कुणीतरी पूर्वी शंका काढली होती, म्हणून लोक हातपंपाचं खारट पाणी पीत होते. तिनं दोन्ही तपासलं. विहिरीतलंही फ्लोराइड मर्यादेच्या आत निघालं. तिनं आईला सांगितलं, विहिरीचं पाणी चालते. मोहल्ल्याला आनंद झाला, कारण हातपंपाच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि विहिरीच्या पाण्यात बघता बघता गळून जाते. आमच्याकडे पाण्याची परीक्षा डाळीवरूनच होते.

मग ती काही कामानं नागपूरला गेली आणि तिथल्या प्रयोगशाळेतून शुद्ध पाण्याची एक बाटली घेऊन आली. सहज म्हणून तिनं त्या पाण्याशी आमचं पाणी ताडून पाहिलं. आमच्या पाण्यात फ्लोराइड होतं.

आमचं म्हणजे प्रयोगशाळेतल्या जुन्या यंत्रात उकळून, वाफ थंड करून धरलेलं पाणी. यंत्राच्या आत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर इतका जमला होता की पाणी उकळताना थोडी घाण वाफेबरोबर पुढे जात असणार. मोजणीची सगळी मापं, म्हणजे ज्या द्रावणांवर मीटर लावून घ्यायचा ती, आम्ही याच पाण्यात बनवत होतो. मापातच आधीपासून फ्लोराइड मिसळलेलं असेल, तर प्रत्येक विहीर आहे त्याहून चांगली दिसणार. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, मंग आमची विहीर?"

बाटलीतलं पाणी ताडून पाहण्यातच संपलं होतं, त्यात पुन्हा मोजणं शक्य नव्हतं. नवं यंत्र लागणार होतं, लगेच. विक्रेत्यानं दोन यंत्रं बघण्यासाठी आणून लावली. एक म्हणजे आपल्या घरी ओट्यावर असतो तोच आरओ, फक्त मोठा. दुसऱ्यात आरओच्या पुढे आणखी एक टप्पा होता, पाण्यात उरलेले क्षारही ओढून घेणारा, आणि बोअरच्या पाण्यानं त्याचा जीव जाऊ नये म्हणून अलीकडे पाणी मऊ करायची टाकी. खरेदी समितीचा कल पहिल्याकडे होता. समिती म्हणजे आमचे प्राचार्य आणि दोन ज्येष्ठ प्राध्यापक, एक इतिहासाचे, एक वाणिज्याचे. तिघंही सज्जन, आणि तिघांच्याही घरी आरओ. "अहो मॅडम, सारं घर पिऊन राह्यलं त्याचं पाणी, तुमच्या परीक्षानळीले काय झालं?" असं वाणिज्यवाले मला व्हरांड्यात हसत हसत म्हणाले. मी हसले नाही.

ती रोज दोन्ही यंत्रांचं पाणी तपासायची. पहिल्याच्या पाण्यात मीटर थोडं का होईना, दाखवायचाच. दुसऱ्याच्या पाण्यात तो गप्प. समितीची बैठक होती त्या दिवशी सकाळी तिनं दुसऱ्या यंत्राच्या पाण्यात सगळी मापं नव्यानं बनवली आणि आदल्या दिवशी गावाहून आणलेल्या कॅनमधलं विहिरीचं पाणी मोजलं. मी तिच्या मागे उभी होते. आकडा स्थिर झाला. मर्यादेच्या वर होता. तिनं पात्र धुऊन पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. सोबत आणलेलं हातपंपाचं पाणी मात्र मर्यादेच्या आतच राहिलं. ती एवढंच म्हणाली, "आमच्या घरच्या भाचीचे दुधाचे दात पडून राह्यले मॅडम. नवे येतीन आता."

तेवढ्यात समिती आली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, तिघंही घामाघूम. इतिहासवाल्यांनी बसायच्या आधीच फर्मावलं, "दोन्हीचं पाणी चाखवा बुवा. चाखल्याशिवाय कसं ठरवायचं?"

माझं डोकं सणकलं. चाखायचंय ना, मग चाखा. कँटीनमधून धुतलेले ग्लास मागवले, तिघांना व्हरांड्यात बसवलं आणि प्रत्येकापुढे तीन तीन ग्लास ठेवले. पहिल्या यंत्राचं, दुसऱ्याचं, आणि तिसऱ्या ग्लासात तिच्या कॅनमधलं. एका घोटानं कुणाला काही होत नाही, एवढं मला कळत होतं. ती दारात उभी राहून बघत होती.

पहिलं त्यांना बरं वाटलं. दुसऱ्याला तिघांनीही तोंड वाकडं केलं, "याले तं चवच नाही." तिसऱ्याचा घोट घेतल्यावर प्राचार्यांचा चेहरा खुलला. "वा! हे खरं पाणी. गोड आहे. हे कोणत्या मशीनचं?"

"हे कोणत्याच मशीनचं नाही सर," मी म्हणाले. "हे हिच्या गावच्या विहिरीचं आहे. फ्लोराइड मर्यादेच्या वर. सारं गाव हेच पितंय, गोड लागतं म्हणून."

वाणिज्यवाल्यांनी ग्लास खाली ठेवला. इतिहासवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या घरचेही?" तिनं होकारार्थी मान हलवली. प्राचार्यांनी तिथेच सांगितलं, दुसरं यंत्र घ्या, आणि तिघंही उठून गेले. मी जिंकले होते आणि मला अजिबात आनंद झाला नाही. इतके दिवस मी ज्यांच्यावर चिडले होते, ते निदान एका घोटात ऐकणारे लोक होते.

तिनं माझ्यासमोरच आईला फोन लावला. फोन जुना, पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"आई, विहिरीचं पानी आता बंद कर. हातपंपाचं आन."

"काहून वं? हातपंपाच्या पान्यात दाय नाही शिजत."

"माहीत हाये मले. पन विहिरीचं नोको."

"तूच तं म्हनली होती, चालते म्हनून."

"हो. मीच म्हनली होती. माप चुकलं होतं आई."

पलीकडे भांड्यावर झाकण आपटल्यासारखा आवाज आला.

"दाय चढवली वं माय. गंजभर हाये. पोरगी शायेतून येऊन जेवतेच आता. फेकू?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. एका जेवणानं काही बिघडत नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

"फेक, आई," ती म्हणाली.